चाचणी-आवृत्ती

शुक्रवारी रात्री, वॉकलीच्या चढावर,
नॉर्मन बॅगशॉच्या माळ्यावर आम्ही दोघं
उडदामाजी काळे-गोरे निवडत बसतो.

अकरा प्लगिन. वीस दिवसांची मुदत.
सगळ्यांचा दावा एकच: आम्ही म्हणजे हुबेहूब ते.
ते म्हणजे कोपऱ्यात जुन्या चादरीखालचं
एकोणऐंशी सालचं यंत्र,
जे नॉर्मनने ॲटरक्लिफच्या भट्टीवर
सात महिने रात्रपाळ्या करून घेतलं,
आणि जे अजूनही थंडीत पाव सूर उतरतं,
चहा होईपर्यंत धड बोलत नाही.

मी वही आखली आहे.
पहिलं: देखणं. पडद्यावर लाकडाच्या कडासुद्धा रंगवल्यात,
वरच्या सप्तकात मात्र काच चावल्यासारखं करकरतं.
दुसरं: चार स्वर एकदम दाबले
की लॅपटॉपचा पंखाच तान घेतो.
पाचव्यात तीनशे तयार आवाज,
नावं ‘हिमनदी’, ‘निऑनचा पाऊस’, ‘देवदूत चार’,
सगळे लग्नाच्या हॉलमधल्या अत्तरासारखे,
दारातच अंगावर येतात
आणि पंगत बसेपर्यंत डोकं धरतं.
आठवं उघडलंच नाही. त्याला आधी माझी जन्मतारीख हवी होती.

नववं बरंय, नॉर्मन म्हणतो. लिही.
लिहिते.

नवव्याला एक खुंटी आहे, तिचं नाव ‘वय’.
शून्यावर यंत्र आत्ताच खोक्यातून काढलेलं.
पुढे पिळाल तसे स्वर सैल पडतात, मग लंगडतात,
शंभरावर जो तो आपापल्या घरी निघालेला.
नॉर्मन ती सावकाश फिरवतो, माऊसने, जीभ दातात धरून.
"मी कितीवर असेन, लव्ह?"
चाळिसावर, मी म्हणते.
तो हसतो. खोटं त्याला लगेच कळतं.

मग कसोटी.
तो भिंतीकडे तोंड करून बसतो.
मी कधी यंत्र वाजवते, कधी नववं,
तोच खर्ज, तीच तीन बोटं, वीस वेळा.
दहा बरोबर. दहा चूक.
नाणं उडवलं असतं तरी एवढंच आलं असतं.

"म्हणजे सारखंच की," तो म्हणतो.
"मग विकतोच. रॉदरहॅमचा एक पोरगा
अठराशे द्यायला तयार आहे."

मी पेनाचं टोपण लावते, काढते.
दिवसा मी कान तपासते, हॉस्पिटलात.
तिथेच ओळख झाली आमची.
त्याच्या कानांचा आलेख मीच काढलाय:
दोन हजारांपर्यंत पठार, गुरं चरावीत असं,
आणि चार हजारांवर रेघ
कड्यावरून सरळ खाली.
घणांनी खाऊन टाकलेली वरची सप्तकं.
फरक नेमका तिथेच आहे, दरीत.
मला ऐकू येतो:
कोरं मांजरपाट फाडताना होते तेवढी बारीक सळसळ,
यंत्रात आहे, नवव्यात नाही.
सांगू?
हुबेहूब या शब्दापुढे कुणाचे कान धरायचे,
याला माझ्या वहीत रकाना नाही.

तेवढ्यात नववं मुकं होतं.
फुकट आहे ना, दर मिनिटाला दोन सेकंद गप्प बसतं,
पैशांची आठवण म्हणून.
त्या दोन सेकंदांत
खाली लँगसेट रोडवर ट्राम वळते,
आणि नॉर्मन, भिंतीकडे तोंड तसंच ठेवून,
हात मागे नेतो,
यंत्राच्या पत्र्यावर तळवा टेकवतो.
आत ट्रान्सफॉर्मर घुमतोय,
कानाला नाही, हाडाला लागेल इतका.

"हे चालूच होतं की," तो म्हणतो.
"सगळा वेळ."

नववं पुन्हा बोलायला लागतं.
तो हात काढत नाही.

मी टोपण काढते.
नववं. एकोणतीस पौंड, सवलत रविवारपर्यंत.
आवाज चोख. प्रोसेसरवर भार कमी.
शेरा: हात ठेवायला जागा नाही.